शक्ती वाढविण्यापूर्वी शक्ती मोजा

रत्नागिरी जिल्ह्यात श्रावणात पाण्याची अडचण होते ती ते फार झाल्यामुळे, आणि फाल्गुन उजाडला की तेच पाणी घागरीघागरीने मोजावे लागते. भात घरात आले, वायंगणीचे वाफे पडले, नारळी-पोफळीच्या बागांना आणि आंब्याच्या नव्या कलमांना शिंपणे देण्याची वेळ आली, म्हणजे चार-पाच महिने मांगरात झाकून ठेवलेली ऑईल इंजिने बाहेर निघतात. गावोगाव विजेचे पंप झाले आहेत हे खरे. तथापि नदीकाठच्या, पऱ्ह्यालगतच्या आणि डोंगरउतारावरील ज्या जागी वीज पंपापर्यंत पोचत नाही, तेथे बागेचा भरवसा आजही या इंजिनावरच असतो. चिखलणीचा पॉवर टिलर आणि भाताची गिरणी यांच्या पोटातही बहुधा असेच इंजिन असते.

इंजिन बाहेर निघाले की पहिली तक्रार ठरलेली असते. ‘गेल्या वर्षीइतके पाणी येत नाही, इंजिनाचा जोर कमी झाला.’ मग मिस्त्री येतो, दोन-चार वेळा इंजिन चालवून पाहतो, कान देऊन ऐकतो आणि तेल सोडणारा स्क्रू थोडा फिरवितो. क्वचित गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढवितो. इंजिन मोठ्याने बोलू लागते, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो आणि मालकाचे समाधान होते. जोर खरोखर वाढला की नाही, वाढला असल्यास किती, आणि त्यासाठी तेल किती अधिक जाळले, हे मात्र कोणीही मोजीत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख या एकाच गोष्टीवर आहे. शक्ती न मोजता शक्ती वाढविण्याचा प्रयत्न करणे म्हणजे तराजूवाचून धान्य विकणे होय, आणि या व्यवहारात तोटा नेहमी शेतकऱ्याचाच होतो.

स्क्रू फिरविल्याने काय होते

उदाहरणादाखल आपल्याकडे सर्वपरिचित असलेले किर्लोस्करांचे पाण्याने थंड होणारे ५ अश्वशक्तीचे इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि ठरलेली गती मिनिटास १५०० फेरे आहे. या मापांवरून सिलिंडरचे आकारमान सुमारे ५५३ घन सेंटीमीटर येते. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हवा आत घेतली जाते; म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. याचा अर्थ असा की, सर्व काही सुरळीत असले तरी हे इंजिन मिनिटाला सुमारे ४१५ लिटरपेक्षा अधिक हवा घेऊ शकत नाही. स्क्रू फिरवून तेल वाढविता येते. हवा वाढविता येत नाही.

तेल जळावयाचे तर हवा हवी. कारखान्यातून आलेल्या निरोगी इंजिनात थोडी हवा शिल्लक ठेवलेली असते, म्हणून तेल किंचित वाढविल्यास जोरही किंचित वाढतो, हे नाकारण्याचे कारण नाही. बारा तासांच्या चालीत एक तासापुरता १० टक्के जादा भार सोसण्याची सोय अशा इंजिनांत धरलेली असते. परंतु तो तासापुरता उसना जोर आहे, रोजची मजुरी नव्हे. त्यापलीकडे सोडलेले तेल पुरते जळत नाही. ते काजळी होऊन धुराड्यातून जाते, नोझलच्या तोंडाशी आणि रिंगांच्या खाचांत कोळसा होऊन बसते, आणि काही भाग लायनरवरून उतरून खालचे वंगणतेल पातळ करतो. पिस्टन अधिक तापतो, रिंगा चिकटतात, हेडला तडा जाण्याचा धोका वाढतो. काळा धूर हे शक्तीचे चिन्ह नसून न जळलेल्या तेलाची पावती आहे, हे प्रत्येक इंजिनमालकाने मनावर घ्यावे.

ज्या इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हवा गाळणारी टोपी धुळीने तुंबली आहे, त्याच्याजवळ शिल्लक हवा मुळीच नसते. अशा इंजिनाला तेल वाढवून देणे म्हणजे धाप लागलेल्या बैलास आणखी पेंड चारण्यासारखे आहे. आपल्या किनाऱ्यावर ही कारणे अधिकच बळावतात. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर आतून गंजून पोपडे धरतो, पावसाळ्यातील दमटपणाने नोझल आणि पंपाचे सूक्ष्म भाग गंजतात, टाकीत पाणी जमते, आणि उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ हवेच्या वाटेवर बसते. यांपैकी एकाही दोषावर तेलाचा स्क्रू हा उपाय नव्हे.

फेरे वाढविण्याचा मोहही असाच आहे. सेंट्रिफ्युगल पंपास लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १५०० ऐवजी १६५० फेरे केले, तर गती १० टक्क्यांनी वाढली, पण लागणारी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढली. पाच अश्वशक्तीच्या इंजिनावर जवळजवळ पावणेसात अश्वशक्तीचे ओझे आले. असे इंजिन एखादा हंगाम ओढील, पण पुढच्या हंगामात क्रँकचे बेअरिंग व फ्लायव्हील यांच्या जिवावर बेतेल.

डायनामोमीटर म्हणजे काय

डायनामोमीटर म्हणजे शक्तिमापक यंत्र. नाव जड असले तरी कल्पना अगदी साधी आहे. गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने १८२१ साली फिरत्या आसावर लाकडी ठोकळे आवळून, त्यांना लांब दांडा जोडून आणि दांड्याच्या टोकास वजने लावून यंत्राची शक्ती मोजून दाखविली. पुढे १८७७ साली विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लाकडाऐवजी पाण्याच्या रोधाचा उपयोग केला. आज विजेच्या रोधावर चालणारी यंत्रेही आहेत. तत्त्व तेच : इंजिनास ठरलेल्या गतीवर फिरू द्यावयाचे, त्याला रोखून धरावयाचे, आणि किती जोराने रोखावे लागले ते काट्यावर वाचावयाचे.

दोरीचा ब्रेक हा याचा सर्वांत सुबोध प्रकार आहे. इंजिनाच्या आसावर बसविलेल्या चाकाला दोर गुंडाळतात. दोराच्या एका टोकास वजन आणि दुसऱ्या टोकास स्प्रिंगचा काटा असतो. समजा, दोराची जाडी धरून चाकाचा व्यास ६० सेंटीमीटर आहे. त्याचा परीघ १.८८५ मीटर झाला. इंजिन मिनिटास १५०० म्हणजे सेकंदास २५ फेरे करते. तेव्हा चाकाची कड सेकंदाला सुमारे ४७ मीटर धावते. टांगलेले वजन ९ किलो असून काटा १ किलो दाखवीत असेल, तर खरा रोध ८ किलोंचा. ४७.१ ला ८ ने गुणल्यास ३७७ येतात. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणून ३७७ ला ७५ ने भागले की ५ अश्वशक्ती मिळते. तोच फरक ६ किलोंचा भरला, तर शक्ती पावणेचार अश्वशक्तीच उरली, असे समजावे. निरोगी आणि आजारी इंजिनातील सारे अंतर काट्यावर अवघे दोन किलो आहे. ते कानाला कळणे शक्य नाही.

शक्तीबरोबर तेलही मोजलेच पाहिजे. या जातीचे चांगले इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण १.१ लिटर डिझेल घेते. म्हणजे १०० मिलिलिटर तेल सुमारे साडेपाच मिनिटे पुरते. आजारी इंजिन तेवढेच तेल घेऊन पावणेचार अश्वशक्ती देत असेल, तर दर अश्वशक्ती-तासाचा खर्च ०.२२ लिटरवरून ०.२९ लिटरवर गेला. चांगले इंजिन पूर्ण भारावर २०० तासांत जेवढे काम करील, तेवढ्याच कामास आजारी इंजिन सुमारे ७० लिटर तेल अधिक पिते. हा पैसा शेतकऱ्याच्या खिशातून दरवर्षी जातो आणि त्याची नोंद कोठेही होत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. दोरीचा ब्रेक अंगणात उभारून पाहू नये. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या चाकात दोर किंवा धोतराचा सोगा अडकला, तर हात जावयास वेळ लागत नाही. इंजिनाची सारी शक्ती त्या चाकावर उष्णता होऊन उतरते, म्हणून ते पाण्याने गार ठेवावे लागते. हे काम कार्यशाळेत आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच झाले पाहिजे.

एका वेळी एकच बदल

जुन्या मोटारी हौसेने जतन करणारे लोक या बाबतीत आपल्या पुढे आहेत. गाडीची चाके लोखंडी रुळांवर ठेवून ते तिची शक्ती मोजतात. मग ठिणगीची वेळ किंचित पुढे घेतात आणि पुन्हा मोजतात. कार्ब्युरेटरची जेट बदलतात आणि पुन्हा मोजतात. एका वेळी एकच बदल करावयाचा, त्याचा आकडा लिहून ठेवावयाचा, आणि लाभ झाला नाही तर बदल मागे घ्यावयाचा, अशी त्यांची शिस्त असते. त्यांचा तो छंद आहे. शेतकऱ्याचे तर पोट इंजिनावर आहे. छंदासाठी जी काटेकोर पद्धत पाळली जाते, ती पोटाच्या साधनासाठी पाळू नये, हे उलटे नव्हे काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेल फवारण्याची वेळ हीच त्याची ठिणगी. वर सांगितलेल्या इंजिनात पिस्टन माथ्यावर पोचण्यापूर्वी सुमारे २३ अंश असताना फवारा सुटावा, अशी योजना आहे. १५०० फेऱ्यांच्या गतीला एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग. पंपाखालील पातळ पत्रे काढून किंवा घालून ही वेळ बदलता येते. पण तो बदल लाभाचा झाला की हानीचा, याचा निवाडा ब्रेकवरच होऊ शकतो. मिस्त्रीच्या कानाचा येथे अनादर करावयाचा नाही. ठोका कोठे पडतो, बेअरिंग कोठे वाजते, हे अनुभवी कान अचूक सांगतो. परंतु कान दोष ओळखतो, माप सांगत नाही. नाडी पाहणाऱ्या वैद्यालाही ताप किती हे पाहण्यासाठी थर्मामीटर लागतोच.

दोष इंजिनाचाच कशावरून?

मोजमापाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो सर्वांत मोठा मानावयास हवा. पुष्कळदा इंजिन निर्दोष असते. समजा, एका बागाईतदाराचा पंप २०० लिटरचे पिंप २५ सेकंदांत भरतो. म्हणजे सेकंदाला ८ लिटर पाणी देतो. नळातील घर्षण धरून चढ २० मीटर आहे. पाणी उचलण्याचे निव्वळ काम ८ गुणिले २०, भागिले ७५, म्हणजे सुमारे २.१३ अश्वशक्तीचे झाले. पंपाची कार्यक्षमता ६० टक्के असेल, तर इंजिनाकडून साडेतीन अश्वशक्ती पुरे. पण पंपाचा पंखा झिजून कार्यक्षमता ४० टक्क्यांवर आली असेल, तर त्याच पाण्यासाठी ५.३३ अश्वशक्ती लागेल आणि पाच अश्वशक्तीचे उत्तम इंजिनही मान टाकील. येथे इंजिनाचा स्क्रू फिरविणे व्यर्थ, आणि मोठे इंजिन विकत घेणे तर त्याहून व्यर्थ.

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक शेतकऱ्याने स्वतःच कराव्यात. त्यांस यंत्र लागत नाही.

१. हंगामाच्या आरंभी, चांगले चालत असताना, पिंप किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून मोजावे आणि मांगराच्या भिंतीवर तारखेसह लिहून ठेवावे. पुढे पाणी कमी झाल्याची शंका आली, तर त्याच पिंपाने पुन्हा मोजावे.

२. विहिरीची पातळी दोन्ही वेळा पाहावी. पाणी खाली गेले असेल, तर चढ वाढला. त्याचा दोष इंजिनास देऊ नये.

३. फूटव्हॉल्व्ह गळतो काय, चोषण नळाच्या सांध्यातून हवा शिरते काय, पट्टा घसरतो काय, हे आधी पाहावे. दोन्ही पुल्या सारख्या असून इंजिन १५०० आणि पंप १३५० फेरे करीत असेल, तर दहावा हिस्सा पट्ट्यातच गेला. फेरे मोजण्याचे लहान यंत्र ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने एक घेऊन ठेवले, तर साऱ्या गावास पुरते.

४. त्यानंतर हवेची टोपी धुणे, तेलाची गाळणी बदलणे, टाकीतील पाणी काढणे, सायलेन्सरमधील काजळी व गंज झाडणे, आणि इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणे टॅपेटमधील अंतर ठेवणे ही कामे करावीत.

५. एवढे करूनही पाणी वाढले नाही, तरच इंजिन मापनास न्यावे. बंद मांगरात इंजिन चालवून तपासणी कधीही करू नये. त्याचा धूर विषारी असतो.

माप घेण्याचा हक्क

इंजिनाची शक्ती तटस्थ माणसाने मोजावी, ही मागणी नवी नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात पहिल्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरांचा सुळसुळाट झाला आणि जाहिरातीत सांगितलेली शक्ती शेतात दिसेना. विल्मॉट क्रोझियर हे तेथील शेतकरी या अनुभवाने पोळले होते. ते विधिमंडळाचे सभासद होते. त्यांच्या पुढाकाराने १९१९ साली कायदा झाला, आणि १९२० पासून लिंकन येथील राज्य विद्यापीठात ट्रॅक्टर मोजून, त्यांच्या शक्तीचे व तेलाचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. आपल्या देशात मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्रीय संस्था शेतीयंत्रांची अशी चाचणी घेते, आणि मोटारगाड्यांसाठी पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली.

या संस्थांचे काम मोलाचे आहे. पण त्यांच्यापुढे येते ते मुख्यत्वे कारखान्यातील नवे यंत्र. संगमेश्वरच्या किंवा राजापूरच्या मांगरातील वीस वर्षांच्या इंजिनाला बुदनीची वाट सापडणे शक्य नाही. त्याच्यासाठी सोय जिल्ह्यातच हवी. आणि ती अशक्य मुळीच नाही. दापोलीस १९७२ साली स्थापन झालेले आपले कोकण कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. रत्नागिरीस शासकीय तंत्रनिकेतन आहे. इंजिन ब्रेकवर घालून त्याची शक्ती काढणे हा यंत्रविद्येच्या अभ्यासक्रमातील नेहमीचा प्रयोग होय. विशेष म्हणजे, वर उदाहरण दिलेले ५ अश्वशक्तीचे इंजिनच देशातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत डायनामोमीटरला जोडलेले आढळते. विद्यार्थी वर्षानुवर्षे त्या एकाच निरोगी इंजिनाचे आकडे काढून वह्या भरतात, आणि काही कोसांवर तसेच आजारी इंजिन काळा धूर ओकीत असते. या दोहोंची गाठ घालून देणे एवढेच काम उरले आहे.

लेखकाचे मत असे की, दरवर्षी भातकापणी आटोपल्यावर, शिंपण्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक तालुक्यात एक-दोन दिवसांचे इंजिन-मापन शिबिर भरवावे. फिरत्या गाड्यावर बसविलेला एक लहान ब्रेक, तेल मोजण्याची काचेची नळी आणि फेरे मोजण्याचे यंत्र एवढी सामग्री त्यास पुरेल. प्रत्येक इंजिनास एक कार्ड द्यावे. त्यावर फेरे, शक्ती, तासाचे तेल आणि धुराचा रंग लिहावा. दुरुस्तीपूर्वी एकदा आणि दुरुस्तीनंतर एकदा असे दोनदा माप घ्यावे. गावातील मिस्त्रींनाही या शिबिरास अवश्य बोलवावे. चांगल्या मिस्त्रीचे यात नुकसान काही नाही. उलट त्याच्या हातचा गुण प्रथमच कागदावर येईल. दुरुस्तीचा मोबदला दुसरे माप पाहून द्यावयाचा, असा प्रघात पडला, तर अंदाजाने स्क्रू फिरविणारा आपोआप मागे पडेल.

यावर कोणी म्हणेल की, विजेचे आणि सौर पंप येत आहेत. जुन्या इंजिनासाठी एवढा खटाटोप कशास? उत्तर सोपे आहे. ज्या दिवशी ते इंजिन निवृत्त होईल, त्या दिवसापर्यंत त्याचे तेल शेतकऱ्यालाच भरावयाचे आहे. शिवाय इंजिन ठेवावे की काढावे, हा निर्णयही मापावरच व्हावा. रिंगा आणि नोझल बदलून शक्ती पूर्ववत आली, तर ते इंजिन आणखी काही हंगाम ठेवण्यासारखे आहे. लायनर-पिस्टन बदलूनही आकडा वर येत नसेल, तर त्यावर पुढे पैसा घालू नये. दोन्ही उत्तरे शेतकऱ्याच्या हिताची आहेत. अहितकारक आहे ते केवळ उत्तरावाचून खर्च करीत राहणे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामाचा आरंभ शिबिराची वाट न पाहता करावा. आपल्या गावातील इंजिनांची यादी करून, प्रत्येकाच्या पिंपाचे सेकंद, फेरे आणि तासाचे तेल एका वहीत उतरवावे. अशी दहा-वीस इंजिनांची वही घेऊन विद्यापीठाकडे किंवा तंत्रनिकेतनाकडे गेलेल्या कार्यकर्त्यास रिकाम्या हाताने परत पाठविणे कोणासही जड जाईल. शेतकऱ्याने भात मापून द्यावे, दूध मापून घालावे, आंबे डझनाने मोजावेत, आणि ज्या यंत्राच्या जोरावर हे सारे पिकते त्याचा जोर मात्र धुरावरून ओळखावा, ही रीत आता आपण सोडून दिली पाहिजे. येत्या हंगामात इंजिन बाहेर काढाल, तेव्हा स्क्रू फिरविण्याचे हत्यार हाती घेण्यापूर्वी घड्याळ आणि पिंप हाती घ्या, इतकीच शेतकरी बंधू-भगिनींना विनंती आहे.